कोरडे आटे

ताईच्या पत्राला मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते जिन्यातच उभं राहून वाचलं, पुन्हा पाकिटात घातलं आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेऊन टेबलाच्या खणात, ग्राफपेपरच्या गठ्ठ्याखाली सरकवलं. घरात ठेवलं असतं तर बायकोने रोज विचारलं असतं. तशी ती न ठेवताही रोज विचारतच होती.

पत्र लांब नव्हतं. ताई कामापुरतं बोलणारी आणि कामापुरतं लिहिणारी.

"फोन तू उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहिते. यांना कामावरून काढलं. क्रेनच्या मानेचे बोल्ट ढिले निघाले, मान कलली, वर बसलेला चालक कठड्यावर आपटला आणि त्याचा खुबा मोडला. सगळे म्हणतात, बोल्ट आवळून घेणारा फोरमन कामचुकार. हे म्हणतात, पान्यावर लावलेला आकडा तुझ्या सहीच्या रिपोर्टातला होता. चौकशी व्हायची आहे. तिथे दोषी ठरले तर परवाना जाईल, पुन्हा कुठल्याही उंच कामावर यांना कुणी उभं करणार नाही, आणि दुसरं काही यांना येत नाही. मला एवढंच लिहून दे. त्या आकड्याला आवळलेला बोल्ट ढिला होतो का? हो किंवा नाही. तू लहानपणापासून खोटं बोलत नाहीस, गप्प बसतोस. या वेळी गप्प बसू नकोस."

शेवटची दोन वाक्यं मास्तरांच्या डोक्यात तिडीक उठवायची. म्हणजे काय, आपण काय घोडं मारलंय हिचं? नवऱ्याने कामात ढिलाई केली आणि आता भावाच्या सहीकडे बोट. मास्तर हे नावही त्या नवऱ्यानेच ठेवलेलं. ताईच्या लग्नात हा धाकटा मेहुणा मांडवाच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला दिसला, तेव्हा दाजी चारचौघांत म्हणाले होते, "या आमच्या मास्तरांना कुणीतरी जेवायला उठवा रे, नाहीतर पानावर यायचं सोडून पानं वाचत बसतील." सगळे हसले होते. नाव चिकटलं ते चिकटलंच. लॅबमध्ये ते कुणी आणलं कळत नाही, पण इथेही ते मास्तरच होते. आयुष्यात एका पोराला त्यांनी पाढे शिकवले नव्हते.

"दिलं का हो उत्तर?" डबा भरताना बायकोने विचारलं.

"काय देऊ? तुझा नवरा कामचुकार आहे, असं लिहू सख्ख्या बहिणीला?"

"आहे का पण?"

"म्हणजे?"

"म्हणजे ते बडबडे आहेत, टिंगल करतात, दुसऱ्याच्या घरी येऊन पंखा वाढवायला सांगतात. सगळं खरं. पण कामचुकार? आपल्या गच्चीवरची टाकी बसवली तेव्हा मी चार वेळा चहा गरम केला. माणूस खाली उतरेना."

"टाकी आणि क्रेनमध्ये फरक असतो."

"असेल. मला काय कळतंय त्यातलं," बायको म्हणाली आणि डब्याचं झाकण गरजेपेक्षा जोरात लावलं.

लॅब एका गल्लीच्या टोकाला होती. खाली लेथचं वर्कशॉप, वर ही. आत शिरल्यावर आधी आवक खोली. तिथे फडताळांवर गिऱ्हाइकांचे खोके. त्यापलीकडे काचेचं दार आणि मग मास्तरांचं मशीन. भक्कम लोखंडी चौकट, दोन जबडे, मधे ताण मोजणारी जाड कडी. बोल्ट त्या कडीतून आरपार घालायचा, पलीकडून नट लावायचा, आणि मोटर सुरू करायची. मोटर नट आवळत जाते आणि पडद्यावर दोन रेघा चढत जातात. नट फिरवायला किती जोर लागला, त्याची एक. बोल्ट प्रत्यक्षात किती ताणला गेला, त्याची दुसरी.

त्या दोन रेघांमध्ये मास्तरांचं आयुष्य गेलं होतं. लोकांना वाटतं, नट हाताला घट्ट लागला की बोल्ट घट्ट बसला. तसं नसतं. बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. तो ताणला गेला तर परत आखडू पाहतो, आणि त्या आखडण्यानेच दोन लोखंडं एकमेकांना धरून राहतात. पण पान्याने लावलेला बहुतेक जोर आट्यांच्या घासण्यात आणि नटाखालच्या घासण्यात जिरतो. बोल्टच्या वाट्याला जेमतेम दहावा हिस्सा येतो. घासणं थोडं बदललं की त्या दहाव्या हिश्शाचं काहीही होऊ शकतं. म्हणून तर आट्यांचं घर्षण मोजायचं, आणि त्यावरून गिऱ्हाइकाला आकडा द्यायचा: इतक्या जोराने आवळा, म्हणजे हवा तितका ताण येईल. तो आकडा पान्यावर लावला, की तेवढ्या जोराला पाना क्लिक करतो.

मास्तरांच्या लॅबचे आकडे बाजारात नावाजलेले होते. वीस बोल्ट लावा, विसांचे ठिपके आलेखावर एका रेषेत. दुसऱ्या लॅबमध्ये तेच ठिपके मुंग्यांसारखे इकडेतिकडे पळायचे. लॅबचे मालक असलेले साहेब नव्या गिऱ्हाइकाला आधी तो आलेखच दाखवायचे. मास्तर तेव्हा खिडकीबाहेर बघायचे, पण कान तिकडे असायचे.

पत्र आल्यापासून त्यांनी क्रेनच्या त्या मालाचे राखून ठेवलेले नमुने काढून पुन्हापुन्हा तपासले होते. कुणाला न सांगता, जेवणाच्या सुट्टीत. प्रत्येक वेळी ताण भरपूर. ठिपके रेषेत. दर तपासणीनंतर त्यांचा राग वाढत गेला, आणि त्या रागात थोडं समाधानही होतं, हे त्यांना कळत होतं. मनातल्या मनात त्यांनी ताईला उत्तरं लिहिली होती. एकाहून एक जहरी. कागदावर एकही उतरलं नाही, कारण प्रत्येकाचा शेवट "दाजी दोषी आहेत" असाच व्हायचा, आणि तेवढं लिहायला हात धजत नव्हता.

मग एके दिवशी दाजी स्वतःच आले.

आधी जिन्यात आवाज आला. "कुठाय तो आमचा शास्त्रज्ञ?" मग आवक खोलीत खोका आपटल्याचा आवाज. मास्तर काचेचं दार उघडून बाहेर आले. दाजी वाळलेले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती मोठी दिसत होती. आवाज मात्र होता तसाच.

"ताईचं पत्र पोचलं का रे?"

"पोचलं."

"मग जीभ झडली का हात?"

"दाजी, इथे ओरडू नका. ही लॅब आहे."

"मला काय बाजार वाटला? त्याच खोक्यातले बोल्ट आणलेत, साइटवरचे. उरलेले. फोडलेलासुद्धा नाही खोका. आवळ माझ्यासमोर. तुझ्या आकड्याला आवळ. मला बघायचंय."

"मी तपासलेत. दहादा तपासलेत. आकडा बरोबर आहे."

"म्हणजे मी खोटा."

"मी तसं म्हटलं नाही."

"तू कधी काही म्हणतोस का? म्हणायला छाती लागते." दाजी खुर्चीत बसले, लगेच उठले. "पाना मी स्वतः धरला होता. क्लिक झालं की खडूने खूण. एकेका बोल्टला. त्या पोराला वर पाठवायच्या आधी पुन्हा सगळे फिरून तपासले. तो आता खाटेवर आहे, आणि त्याची आई माझ्याकडे अशी बघते, की..." वाक्य तिथेच राहिलं. "आणि तू सांगतोस आकडा बरोबर. मग काय भुताने ढिले केले?"

"पाना नीट लावला नसेल."

बोलून झाल्यावर मास्तरांना वाटलं, हे बोलायला नको होतं. पण वाटलं तेवढंच. मागे घेतलं नाही.

दाजींचा चेहरा कानशिलापर्यंत लाल झाला. खिशातून चावी काढून त्यांनी खोक्याची पट्टी कापली आणि खोका मास्तरांच्या पुढ्यात ढकलला.

आवक खोलीतले काका सवयीने पुढे आले. लॅबमध्ये आलेला प्रत्येक बोल्ट पहिल्यांदा काकांच्या हाती जायचा. थिनरमध्ये धुवायचा, पातळ तेलात बुचकळायचा, फडक्याने पुसायचा, मग ट्रेमध्ये. काका त्याला आंघोळ म्हणायचे. बोल्ट फडताळावर महिनाभर पडून गंजू नयेत आणि मशीनच्या जबड्यांना कचरा लागू नये, म्हणून लॅब सुरू झाली तेव्हापासून ही पद्धत होती. कुणी ठरवली, आता कुणाला आठवत नव्हतं.

"द्या मास्तर, आंघोळ घालून आणतो. अर्धा तास लागेल."

"अर्धा तास?" दाजी म्हणाले. "घ्या, अजून एक बहाणा. मी इथे बसतो, तुम्ही बोल्टाला पावडरही लावा."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसासमोर अर्धा तास बसायचं, त्याचे टोमणे ऐकत? त्यांनी काकांच्या हातातून बोल्ट हिसकावून घेतला. वीस वर्षांत त्यांनी काकांच्या हातातून काही हिसकावलं नव्हतं. काका बघतच राहिले.

"नको आंघोळ. असाच लावतो. आत्ता लावतो. बघू द्या यांना डोळ्यांनी."

बोल्ट बोटांना कोरडा, खडबडीत लागला. जस्ताचा राखाडी थर, त्यावर बारीक भुकटी. मास्तरांनी तो कडीत घातला, नट धरला, मोटर सुरू केली. दाजी हाताची घडी घालून काचेशी उभे राहिले.

जोराची रेघ चढत गेली. ताणाची रेघ तिच्यामागून निघाली आणि मागेच राहिली. जणू म्हातारं माणूस जिना चढतंय. जोर रिपोर्टातल्या आकड्याला पोचला, मोटर थांबली. ताण निम्म्यापाशी होता.

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं, मग जबड्यांकडे. मग न बोलता बोल्ट काढला आणि दुसरा लावला. ताण निम्म्याहून थोडा वर. तिसऱ्याचा निम्म्याच्याही खाली. ठिपके मुंग्यांसारखे पळत होते.

"बिघडलं का मशीन?" दाजींनी विचारलं. "त्यालाही काढा कामावरून. कामचुकार दिसतंय."

"थांबा जरा."

"मी तेच तर करतोय दोन महिने."

"दाजी, जरा गप्प बसता का?" मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं, की दाजी खरंच गप्प बसले. "काका, याच खोक्यातले तीन घ्या. घाला आंघोळ. नेहमीसारखी."

अर्धा तास गेला. दाजींनी भिंतीवरचा आलेख वाचल्यासारखं केलं. काकांनी ट्रे आणून ठेवला. बोल्ट मऊ चमकत होते. मास्तरांनी एकेक लावला. ताणाची रेघ जोराच्या रेघेला धरून वर गेली, तिन्ही वेळा. तीन ठिपके एकावर एक.

खोका एकच. बोल्ट तेच. मोटर तीच, जोर तोच.

मास्तर स्टुलावर बसले. रिपोर्टात एक रकाना होता, 'बोल्टची अवस्था'. त्यात ते इतकी वर्षं एकच लिहीत आले होते: 'आले तसे'. त्यांच्यापर्यंत जसे यायचे तसे. आंघोळ ही चाचणीचा भाग आहे, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. फरशी पुसणं, दिवे लावणं, तसंच ते.

"सांगशील का आता?" दाजींचा आवाज खाली आला होता.

"आम्ही तेल लावून तपासतो. तेलाने आटे सहज सरकतात, म्हणून थोड्या जोरात पुरेसा ताण येतो. तुम्ही खोक्यातून काढून कोरडे लावलेत. तुमचा सगळा जोर घासण्यात गेला. पाना बरोबर जागी क्लिक झाला, पण बोल्ट निम्माच ताणला गेला. मग क्रेन फिरत राहिली, हादरे बसत राहिले, आणि ते सुटत गेले."

"म्हणजे तेल लावायला हवं होतं मी?"

"कुणी सांगितलं असतं तर. रिपोर्टात लिहिलेलं नाही. रिपोर्टात लिहिलंय, आले तसे."

दाजींनी ट्रेमधला एक बोल्ट उचलला, बोटांनी फिरवून बघितला आणि परत ठेवला. बोटांना लागलेलं तेल त्यांनी पँटला पुसलं. मास्तर टोमण्याची वाट बघत होते. तो आला नाही, आणि त्याचाही त्यांना राग आला.

"लिहून दे," दाजी म्हणाले. "तिला हो की नाही एवढंच हवंय. मला चौकशीत दाखवायला कागद हवा." आणि ते गेले. खोका तिथेच राहिला.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना ऐकून घ्यायची चांगली सवय होती. मग दार लोटलं.

"यापुढे रकान्यात 'तेल लावून' असं लिहू. आजपासून. झालं?"

"आणि आधीचे?"

"आधीचे काय? मास्तर, गिऱ्हाइकाने काय करायचं ते गिऱ्हाइकाचं. आपण आकडा देतो."

"तो आकडा खोक्यातल्या बोल्टचा नाही साहेब. आपल्या तेलाचा आहे."

"आपल्या आकड्यांना बाजारात का मान आहे? सगळे एका रेषेत येतात म्हणून."

"तेल येत होतं रेषेत. बोल्ट नव्हे."

साहेब हसले. "छान बोललात. पण हे बाहेर बोलू नका. लेटरहेडवर एक ओळ गेली तर उद्या प्रत्येक जुनं गिऱ्हाईक दारात उभं राहील. दाजींसाठी लॅब बुडवायची का आपण? घरचं माणूस आहे, समजतो मी. त्यांना दुसरीकडे चिकटवायला मदत करू."

"बाकीच्या क्रेन आहेत साहेब. आपल्या रिपोर्टांवर आवळलेल्या."

"इतकी वर्षं उभ्या आहेतच ना?"

मास्तरांना नंतर आठवलं ते एवढंच, की साहेबांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट त्यांच्या हातात होता आणि तो त्यांनी कधी उचलला ते माहीत नव्हतं. त्यांनी तो फेकला नाही. फेकणाऱ्यांतले ते नव्हते. पण टेबलावर त्यांनी तो असा ठेवला की बाहेर काका दचकले.

"उभ्या आहेत," मास्तर म्हणाले. "हीसुद्धा उभीच होती, कलेपर्यंत. त्या पोराचा खुबा मोडला आणि मी इथे बसून सुट्टीत तेल लावलेले बोल्ट तपासत होतो, आणि म्हणत होतो, बरोबर आहे, बरोबर आहे. त्यांच्या तोंडावर म्हटलं मी, पाना नीट लावला नसेल. आणि तुम्ही म्हणता आजपासून रकाना बदलू."

"आवाज खाली."

"वीस वर्षं खालीच होता साहेब."

"लिहिणार असाल तर उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले. तेही आता हसत नव्हते. "आणि लॅबचा कागद वापरायचा नाही."

"नाही वापरत."

मास्तरांनी खणातून ताईचं पत्र काढलं, डबा पिशवीत टाकला आणि निघाले. दाराशी काका उभे होते. त्यांचे हात थिनरने पांढरे पडले होते.

"माझ्यामुळे झालं का मास्तर?"

"नाही. तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही केलंत. मी कधी विचारलं नाही, तुम्ही त्या खोलीत काय करता." हेही त्यांनी रागानेच सांगितलं. काकांवर राग नव्हता, पण दुसरा आवाजच उरला नव्हता.

पोस्ट ऑफिसात दुपारची गर्दी ओसरली होती. भिंतीलगतच्या तिरप्या फळीवर दोरीने बांधलेलं पेन होतं. ते चालेना. मास्तरांनी स्वतःचं काढलं. रस्त्यातल्या दुकानातून घेतलेले कोरे कागद फळीवर ठेवून त्यांनी आधी चौकशीच्या अधिकाऱ्याला लिहिलं. आधी तेलाचं, मग कोरड्याचं, मग रकान्यात काय लिहिलं जायचं ते, आणि कोणाच्या सहीने. शेवटी लिहिलं, या लॅबच्या रिपोर्टांवर जिथे जिथे कोरडे बोल्ट आवळले असतील ते सर्व पुन्हा तपासावेत, आणि त्यासाठी मला बोलवाल तिथे मी येईन. त्याची एक नक्कल केली. मग ताईला लिहायला बसले. इतकी जहरी उत्तरं पाठ होती, त्यातलं एक वाक्य कामाला येईना.

"ताई," त्यांनी लिहिलं, "हो. त्या आकड्याला कोरडा आवळलेला बोल्ट ढिला होतो. आम्ही तेल लावून तपासत होतो आणि तसं लिहीत नव्हतो. दाजींनी पाना नीट लावला होता. सोबत अधिकाऱ्याला पाठवलेल्या कागदाची नक्कल आहे, ती जपून ठेव. मूळ मी स्वतः पाठवतो आहे, दाजींच्या हाती देत नाही. ते वाटेत चार लोकांना वाचून दाखवतील.

हे लिहिताना मला आनंद होत नाही, असं त्यांना सांग. त्या पोराच्या आईला भेटायला जायचं असेल तेव्हा मलाही कळव. दाजींसोबत मी जाईन. बोलेन मी, त्यांनी बोलू नये.

माझी नोकरी गेली. हे आमच्या घरी अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तू फोन करू नकोस."

पुढे काय लिहावं कळेना. 'क्षमा' असं लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. तो शब्द त्यांना त्या कागदावर स्वस्त वाटला. खाली सही केली. रिपोर्टांवर करत तशीच, पूर्ण, वाचता येईल अशी.

काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही पाकिटं वजनकाट्यावर टाकली.

"साधी की रजिस्टर?"

"रजिस्टर. दोन्ही पोचपावतीसकट."

"घरच्या पत्राला पण पोचपावती?"

"घरच्यालाच जास्त लागते," मास्तर म्हणाले.

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तिकिटं लावली, आणि दोन्ही पाकिटांवर शिक्का मारून ती मागच्या पोत्यात टाकली.